दोन वाजून पन्नास मिनिटांचा फोटो

नोकरीतल्या बहुतेक केसेस आता मला तारीखवार आठवत नाहीत. ही मात्र मिनिटांसह आठवते, आणि ती माझ्या नोकरीतली नाहीच. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. अंगावर वर्दी नव्हती, हातात अधिकार नव्हता, देशही आपला नव्हता. तरी या प्रकरणात एका माणसाला चारचौघांत गुन्हेगार ठरवण्याचं काम मी केलं. कुणाचंही नाव इथे देणार नाही. माझं द्यायला हरकत नव्हती, पण त्यावरून बाकीचे ओळखू येतील, म्हणून तेही राहू दे.

माझी सगळी नोकरी विदर्भात गेली, त्यातली निम्मी जंगलाच्या जिल्ह्यांत. मुलगी आयर्लंडमध्ये, गॉलवेच्या विद्यापीठात संशोधन करते. सहा महिन्यांसाठी मी तिच्याकडे गेलो होतो. तिचा विषय सील. हा समुद्रातला, कुत्र्यासारख्या तोंडाचा, पिंपासारख्या अंगाचा प्राणी. किनाऱ्यावर किती सील आहेत, वाढतायत की कमी होतायत, हे तिला मोजायचं होतं. पण एकटी बाई रोज शंभर खडकांवर नजर कशी ठेवणार? तिने त्यावर उपाय काढला होता. उन्हाळाभर पर्यटक तिथे येतातच आणि सीलचे फोटो काढतातच. ते फोटो मागून घ्यायचे. प्रत्येक मादीच्या गळ्यावरचे ठिपके वेगळे असतात. फोटो जुळवत गेलं की कोण परत आलं, कोण नवीन, कोण गायब, हे कळतं.

मी हे ऐकलं आणि हसलो. "म्हणजे तुमचं फिंगरप्रिंट ब्युरो."

"बाबा, सेम," ती म्हणाली. "फक्त इथे कुणी आरोपी नसतं."

मला बसून राहायची सवय नाही. तिच्या लॅपटॉपवर आलेले फोटो लावायचं काम मी मागून घेतलं. तिने सीलना नावं दिली होती, मी नंबर दिले. पोलीस ठाण्यात हिस्ट्रीशीटरांचं रजिस्टर असतं, तसं रजिस्टर केलं आणि रोज सकाळी हजेरी घ्यायला लागलो. एक मादी होती, रुंद, गळ्यावर ठिपक्यांची तीन पदरी माळ, कायम खडकाच्या उंच टोकावर. मुलगी तिला आत्याबाई म्हणायची. आत्याबाई चार वर्षं एकाच खडकावर येत होती. चार वर्षं वेगवेगळ्या देशांतल्या अनोळखी माणसांनी तिचे फोटो पाठवले होते.

तो खडक शेजारच्या क्लेअर जिल्ह्याच्या किनाऱ्यावरच्या एका छोट्या गावासमोर आहे. गावात एक धक्का, एक दुकान, एक पब आणि एक बोटवाला. बोटवाला साठीच्या पुढचा, बायको वारलेली. पहाटे शेवंडांचे, म्हणजे लॉबस्टरचे, पिंजरे उचलायचा, दिवसा आठ-आठ पर्यटकांना निळ्या बोटीतून सील दाखवायला न्यायचा. फोटो पाठवण्याबद्दलचा मुलीचा फलक त्यानेच धक्क्यावर ठोकला होता. प्रत्येक फेरीत तो सांगायचा, "फोटो काढा, पण नुसते फ्रिजवर चिकटवू नका. त्या भारतीय बाईंना पाठवा, त्यांना त्यांची ही पोरं मोजायची आहेत."

जुलैमधल्या एका सोमवारी सकाळी धक्क्यापासून अर्ध्या मैलावर वाळूत दोन सील मेलेले सापडले. कुत्रं फिरवायला आलेल्या बाईने पाहिले. वन्यजीव रक्षकाचा मुलीला फोन आला आणि आम्ही निघालो. दोघांच्याही मानेत गोळी होती. एक सील आत्याबाई होती. मुलीने गुडघ्यावर बसून गळ्याचे ठिपके फोटोशी ताडून पाहिले, वहीत लिहिलं आणि मग तोंड फिरवून रडली.

तिथला सार्जंट चाळिशीतला होता, कमरेला पिस्तूल नाही, गाडीत चहाचा थर्मास. मी पोलिसात होतो हे कळल्यावर त्याने मलाही चहा ओतला. "मग तुम्हाला सांगायला नको," तो म्हणाला. "इथे साक्षीदार मिळायचा नाही. सगळे एकमेकांचे चुलतभाऊ."

वेळ मात्र पक्की मिळाली. रविवारी दुपारी दोन पर्यटक दुकानाबाहेर चहा पीत बसले होते. चहाच्या पावतीवर दोन वाजून चाळीस मिनिटं. त्यानंतर दहा मिनिटांनी त्यांनी दोन आवाज ऐकले होते. शेतात पाखरं हाकायला काही उडवतात, तसं त्यांना वाटलं. म्हणजे दोन पन्नास.

सोमवारी संध्याकाळी सार्जंटला निनावी फोन आला. "बोटवाल्याला विचारा. सील त्याच्या पिंजऱ्यांतलं आमिष खातात. गेल्या महिन्यात दुकानात शिव्या घालत होता." खबर म्हणून ती वजनदार नव्हती. शिव्या कोण घालत नाही? पण खबर एकदा कानात गेली की माणूस तिच्यासाठी पुरावा शोधायला लागतो. चौतीस वर्षं हेच केलेल्या माणसाला ते कळायला हवं होतं.

पुरावा मंगळवारी सकाळी मेलमधून आला. गॉलवेतल्या एका मराठी इंजिनिअरचे वडील सांगलीहून आले होते. तिथे त्यांचा फोटो स्टुडिओ होता. मुलाबरोबर रविवारी कड्यावर फिरायला गेले असताना त्यांनी आपल्या मोठ्या कॅमेऱ्याने सीलचे फोटो काढले होते. त्यातल्या एका फोटोत खडक, खडकावर अकरा सील, बाजूला पांढऱ्या पट्ट्याची निळी बोट, बोटीत उभा एक माणूस आणि त्याच्या हातात लांब, काळं काहीतरी. आभाळ भरलेलं होतं, त्यामुळे फोटोत कशाचीच सावली नव्हती. फाइलवर वेळ होती चौदा पन्नास.

माझ्या अंगात जुना वारा शिरला. मी लगेच त्या गृहस्थांना फोन लावला.

"काका, तुमच्या कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर आहे का?"

"सायेब, चाळीस वर्सं लग्नाचे फोटो काढल्यात. मुहूर्ताचा फोटो मुहूर्तालाच पायजे. माझं घड्याळ सेकंदालाबी चुकत न्हाई."

मी फोन ठेवला. खात्री करून घेतली, असं मला वाटलं.

बुधवारी आम्ही गावात पोचलो तेव्हा सार्जंट धक्क्यावर बोटवाल्याशीच बोलत होता. आठ पर्यटक नारिंगी लाइफ जॅकेटं घालून फेरीची वाट पाहत उभे होते. दुकानदारीण दारात आली होती. गावातली चार-पाच माणसंही होती. त्यांच्यात एक मासेमार, जो खाडीच्या तोंडाशी जाळी लावायचा, आपल्या हिरव्या जीपला टेकून उभा होता. जीपच्या टपावर जाळ्याचे नारिंगी तरंगे बांधलेले.

"बाबा, फोटो आधी सार्जंटना एकट्याला दाखवू," मुलगी दबक्या आवाजात म्हणाली. "प्लीज. हे तुमचं ठाणं नाहीये."

मी तिचं ऐकलं नाही.

"रविवारी दुपारी कुठे होतास?" सार्जंट विचारत होता.

"घरी. जेवलो, आडवा झालो. दुपारच्या फेरीला कुणी नव्हतं."

"बरोबर कोण होतं?"

"मांजर. तिचा जबाब घे."

मी मध्ये पडलो. "आणि बोट? कुणाला दिली होती?"

त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "माझी बोट मी बायकोलासुद्धा दिली नव्हती, इन्स्पेक्टर. आणि ती माझ्यापेक्षा चांगली चालवायची."

लोक हसले. मला ते हसणं लागलं. आमची एक जुनी पद्धत आहे. कागद खिशात ठेवायचा, माणसाला तीनदा नाही म्हणू द्यायचं आणि मग कागद पुढे करायचा. तीनदा बोललेलं खोटं मागे घेता येत नाही.

"दोन पन्नासला तुमची बोट त्या खडकाजवळ नव्हती?"

"नव्हती."

"नक्की?"

"म्हातारा झालोय, वेडा नाही झालो."

"कुठल्याच कारणाने नव्हती?"

"नव्हती म्हणतो ना!"

मी फोटो पुढे केला. त्याने चष्मा लावला. खूप वेळ पाहिलं.

"ही माझी बोट. हा मी," तो म्हणाला. "पण ही सकाळ आहे."

"हातात काय आहे?"

"आकडा. पिंजऱ्याचे दोर ओढायचा. हा बघा, तिथे पडलाय."

"फोटोवर वेळ आहे," मी म्हणालो, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो. "माणूस खोटं बोलतो. यंत्र बोलत नाही."

मग एका बाईने खाली वाकून आपल्या मुलीचं लाइफ जॅकेट सोडलं, नंतर स्वतःचं. मग दुसऱ्यांनी. एकेक करून आठ जॅकेटं धक्क्यावर पडली. बोटवाला त्या ढिगाकडे पाहत राहिला. हिरव्या जीपवाल्याने पुढे येऊन माझा हात हातात घेतला. "चांगलं काम केलंत," तो म्हणाला. मला बरं वाटलं, हेही इथे लिहून ठेवतो.

पुढचे दिवस तपास आपल्या वाटेने चालला, आणि ती वाट मला पाठ होती. बोटवाल्याच्या नावावर बंदूक नव्हती. घरात, बोटीत, कुठेच सापडली नाही. तेव्हा मी म्हणालो, समुद्रात टाकली असेल. एकदा माणूस ठरला की न सापडलेला पुरावासुद्धा त्याच्याच विरुद्ध उभा करता येतो. सार्जंटने मान हलवली, पण अटक केली नाही. "एका फोटोवर नाही," तो म्हणाला. त्याचा मला रागच आला होता. गोळ्यांच्या तपासणीचा अहवाल यायला काही आठवडे लागणार होते.

गावाने मात्र अहवालाची वाट पाहिली नाही. बोटीच्या फेऱ्या बंद पडल्या. कुणीतरी निळ्या बोटीवर लाल रंगाने 'खुनी' असं लिहिलं. धक्क्यावरचा मुलीचा फलक उखडून पाण्यात टाकला. हे बोटवाल्याच्या बाजूच्या लोकांनी केलं की विरुद्ध बाजूच्या, तेही कळलं नाही. रोज तीस-चाळीस फोटो यायचे, ते दोन-तीनवर आले. मुलगी माझ्याशी कामापुरतं बोलत होती.

शुक्रवारी जेवताना ती म्हणाली, "पहिल्या वर्षी माझ्याकडे ग्रँट नव्हती. त्यांनी अख्खा उन्हाळा मला बोटीतून फिरवलं. एक युरो घेतला नाही. तो माणूस सीलला मारेल?"

"बेटा, मी अशी खूप माणसं पाहिलीत."

"हो ना. म्हणूनच याला पाहिलं नाहीत."

मी ताट बाजूला सारलं. मी मनातल्या मनात केसचे कागद उलटे लावायला लागलो आणि एक कागदच नाही हे ध्यानात आलं. घटनास्थळाचा पंचनामा. फोटो जिथून काढला त्या जागेवर मी उभाच राहिलो नव्हतो. ठाण्यातल्या नव्या फौजदाराने असं केलं असतं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं.

सोमवारी मुलीने मला कड्याखाली सोडलं. मी फोटो हातात घेऊन वर चढलो. डावीकडचा सुळका जुळला, मागचं पडकं घर जुळलं, कुंपणाचा खांब जुळला. समोर पाहिलं तर खडक नव्हता. नुसतं पाणी, आणि मध्ये फेसाची एक रेघ. जागा चुकली असं वाटून मी पुढे गेलो, मागे आलो. खांब तोच होता. खाली दुकानात गेलो.

"तो सीलचा खडक कुठे गेला?"

दुकानदारीण माझ्याकडे पाहत राहिली. मी तोच, हे तिने ओळखलं होतं. "कुठे जाणार? आत्ता भरती आहे. पुन्हा वर यायला चार तास लागतील."

सील ओहोटीला खडकावर येतात, हे वाक्य मुलीने मला दहा वेळा सांगितलं होतं. मी आयुष्यात तळी पाहिली, नद्या पाहिल्या, धरणं पाहिली. दिवसातून दोनदा नाहीसा होणारा खडक माझ्या डोक्यात कधी शिरलाच नव्हता. गल्ल्याशेजारी भरती-ओहोटीच्या वेळांची पुस्तिका दोरीला टांगलेली होती. मी घटनेच्या रविवारचं पान काढलं. पूर्ण ओहोटी सकाळी दहा वीसच्या सुमारास. पूर्ण भरती दुपारी साडेचारच्या सुमारास. म्हणजे दोन पन्नासला खडक पाण्याखाली. फोटोत मात्र त्यावर अकरा सील पसरून झोपलेले.

किती वाजले म्हणून मी मनगटाकडे पाहिलं. चार चाळीस. समोर भिंतीवरच्या घड्याळात बारा दहा.

माझं घड्याळ भारताच्या वेळेवर होतं. आमच्या वयाचे जे आईबाप मुलांकडे परदेशात जातात, ते बहुतेक घड्याळ बदलत नाहीत. सहा महिन्यांत परत जायचंय, घरी फोन करायचाय, औषधाच्या वेळा तिकडच्याच. इथली वेळ भिंतीवर असते, मुलांच्या मोबाइलवर असते, आपल्या मनगटावर आपली. उन्हाळ्यात फरक साडेचार तासांचा. चौदा पन्नासमधून साडेचार तास वजा केले की उरतात दहा वीस.

संध्याकाळी आम्ही सांगलीच्या काकांच्या घरी गेलो. सुनेने चहा ठेवला. मी कॅमेरा मागितला.

"आता काय झालं, सायेब? बक्षीस देताय का काय?"

"काका, घड्याळ दाखवा फक्त."

त्यांनी बटणं दाबून पडदा माझ्यापुढे धरला. कॅमेऱ्यात रात्रीचे अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. खिडकीबाहेर लख्ख उजेड होता आणि शेजारची मुलं चेंडू खेळत होती.

"हे भारताचं घड्याळ आहे."

"मग कुणाचं आसणार? कॅमेरा माझा हाय." काका जरा चिडले. "हितलं टायम लावून मी काय करू? म्हातारी एकटीच हाय सांगलीला. तिची गोळी रातच्या नवाला. विसरतीया. तवा फोन लावायचा आसतोय. तुमी इचारलं बरोबर हाय का, मी म्हणलं हाय. खोटं बोललो का मी?"

"नाही काका."

"मग त्या बोटवाल्याचं काय झालं?"

मी सांगितलं. काकांचा चेहरा उतरला. कॅमेरा हळूच मांडीवर ठेवत ते म्हणाले, "आवो, पर तुमी सायेब. तुमाला तरी कळाया पायजे हुतं की."

सून म्हणाली, "बाबा, असं नका बोलू." मी तिला थांबवलं. त्यांना बोलायचा अधिकार होता.

घरी येऊन आम्ही दोघं त्या रविवारचे सगळे फोटो घेऊन बसलो. या वेळी मुलगी पुढे आणि मी मागे. तिने मोबाइलवरचे फोटो वेगळे काढले, कारण मोबाइल तिथली वेळ आपोआप लावून घेतो. तरीही तिने प्रत्येक पाठवणाऱ्याला विचारून खात्री केली. दोन दिवस गेले. अडीच ते सव्वातीनमधले एकोणीस फोटो उरले. दोन सत्तेचाळीसच्या फोटोत एक कुटुंब धक्क्यावर आइस्क्रीम खात होतं आणि त्यांच्या पाठीमागे निळी बोट दोरांनी बांधलेली. दोन त्रेपन्नच्या फोटोत खाडीतलं पाणी, त्यात सीलची डोकी काळ्या ठिपक्यांसारखी. फोटो काढणाऱ्याला ती डोकी हवी होती. मुलीने बोट ठेवलं ते वरच्या कोपऱ्यावर. समोरच्या टेकाडावर हिरवी जीप, टपावर नारिंगी तरंगे, आणि जीपच्या पुढे गवतात पालथा पडलेला माणूस, तोंड पाण्याकडे.

मला त्याचा हात आठवला. माझ्या हातात दिलेला.

हा फोटो मी चारचौघांत दाखवला नाही. सार्जंटच्या ठाण्यात गेलो, दार लावून घेतलं, आधी कॅमेऱ्याची चूक सांगितली, मग पुस्तिका ठेवली, मग हे दोन फोटो. त्याने टेकाडावरच्या माणसावर बोट ठेवलं.

"निनावी फोनचा आवाज याचाच, हे मी तेव्हाच ओळखलं होतं," तो म्हणाला. "निनावी म्हणाला म्हणून निनावी लिहिलं. आणि हा मला म्हणाला होता, रविवारी दिवसभर एनिस शहरात मॅच बघत होतो."

चौकशीला मी नव्हतो, असायलाही नको होतं. सार्जंटने नंतर सांगितलं ते असं. जाळीवाल्याने आधी एनिसची मॅच सांगितली. फोटो पाहिल्यावर खुर्चीत मागे टेकला. कोल्ह्यांसाठी घेतलेली परवान्याची रायफल त्याने स्वतः आणून दिली. "माझ्या जाळ्यातला अर्धा मासा डोकं खाल्लेला निघतो," तो म्हणाला. "तुम्ही सगळे फोटो काढता. माझ्या जाळ्याचा फोटो कधी काढलात?"

त्याचं नुकसान खरं होतं. ते कुणी विचारायला हवं होतं, आणि विचारलं नाही हेही खरं. मुलीने पुढे त्याच्या जाळ्याचेही फोटो मागवायला सुरुवात केली. पण त्याने एक गोळीबार सीलवर केला आणि दुसरा निनावी फोनवरून शेजाऱ्यावर. दुसरा गुन्हा मोठा आहे असं मी मानतो. त्या गुन्ह्यात मी त्याचा साथीदार होतो. बिनपगारी, उत्साही साथीदार.

दुसऱ्या दिवशी बोटवाल्याकडे गेलो. बोट वाळूवर ओढून तो लाल अक्षरं घासत होता. अर्धी निघाली होती.

"सार्जंटने सांगितलं मला," तो हात न थांबवता म्हणाला.

"माझी चूक झाली. माफी मागायला आलोय."

"कुठे बोललात ते?"

"काय?"

"माझ्याबद्दल जे बोललात ते. कुठे उभं राहून बोललात?"

"धक्क्यावर."

"मग इथे माझ्या कानात काय सांगताय?"

रविवारी प्रार्थना आटोपून लोक दुकानाकडे येतात. मी धक्क्यावर उभा राहिलो, मुलगी शेजारी. चौतीस वर्षं मी परेडसमोर बोललो, मोर्च्यांसमोर बोललो, कोर्टात उलटतपासणी सोसली. त्या दिवशी मात्र चार वाक्यं घरून पाठ करून आणावी लागली. माझं इंग्रजी आधीच खडबडीत. मी म्हणालो, "मी याच जागी या माणसाला खोटा म्हणालो. तो खरं बोलत होता. फोटो सकाळचा होता. तपासायचं काम माझं होतं, मी तपासलं नाही."

मग दुकानदारीण दारातून ओरडली, "मागे ऐकू आलं नाही!"

तिला ऐकू आलं होतं, याबद्दल मला शंका नाही. मी पुन्हा म्हणालो, शब्दन्‌शब्द. बोटवाल्याने मान डोलावली, "ग्रँड," एवढंच म्हणाला आणि इंजिन सुरू करायला गेला. तिकडे ठीक आहे म्हणायचं असलं की ग्रँड म्हणतात. त्यात माफी असते की नाही, ते मला कळलं नाही. त्या फेरीला आठ जणांच्या बोटीत तीन माणसं गेली.

आता धक्क्यावर नवा फलक आहे. पहिला फोटो दुकानातल्या घड्याळाचा काढा, मग सीलचे, असं त्यावर लिहिलंय. मुलीचं काम त्या नियमाने पक्कं झालं. माझं मात्र मागचं राहिलेलं काम वर आलं.

आमच्याकडे तपास बंद करताना कोर्टात समरी पाठवतात. गुन्हा खरा पण आरोपी मिळाला नाही, तर अ समरी. तक्रार मुद्दाम खोटी निघाली, तर ब समरी. गैरसमजातून गुन्हा दाखल झाला असेल, तर क समरी. मी अशा बऱ्याच क समऱ्या सह्या करून पाठवल्या. मॅजिस्ट्रेट साहेब मंजूर करतात, फाइल रेकॉर्डरूमला जाते, आणि आपण म्हणतो माणूस सुटला. कुठून सुटला? त्याला पकडताना आपण गाडी गावाच्या मधोमध उभी केली होती. हातात दोर बांधून चावडीवरून नेला होता. सुटल्याचा कागद मात्र कोर्टात जातो, गावात जात नाही. त्याची शेजारीण तो कागद वाचत नाही. त्याच्या मुलीचं लग्न मोडणाऱ्याला तो कागद कुणी दाखवत नाही. ज्या खात्याला माणूस चारचौघांत नेता येतो, त्याला तो चारचौघांत परत आणून सोडता आला पाहिजे. तसा नियम नाही. तो असायला हवा, आणि नियम होण्याची वाट पाहत बसायला माझ्याकडे तेवढी वर्षं उरलेली नाहीत.

बोटवाल्याच्या बाजूने समुद्र उभा राहिला. दिवसातून दोनदा, ठरल्या वेळी, छापील पुस्तिकेसह. माझ्या फायलींतल्या माणसांच्या बाजूने कोण होतं? तेही म्हणालेच होते, साहेब, ही सकाळ आहे, दुपार नाही. त्यांचं घड्याळ मी धरलं नाही, माझं धरलं.

मला अशी चार नावं गावांसह आठवतात. भारतात परतल्यावर त्यातल्या पहिल्या गावी जाऊन आलो. वाघाच्या शिकारीच्या संशयावरून मी त्या माणसाला नऊ दिवस कोठडीत ठेवलं होतं, आणि पुढे क समरी पाठवली होती. तो जिवंत आहे. चावडीसमोर उभा राहून मी जे सांगायचं ते सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मला बसायला सांगितलं नाही, आणि ते बरोबरच होतं.